चव सांगता येत नसेल, तर भावच सांगत बसाल!



"तुमचा माल कसा आहे?" असं ट्रेनिंगमध्ये विचारलं की बहुतेक जण म्हणतात, "एक नंबर आहे सर!" मी विचारतो, "एक नंबर म्हणजे नेमका कसा?" इथे गाडी अडते. मग ठरलेलं वाक्य येतं, "आणि सर, भाव पण कमी आहे."

इथेच आपण मार खातो. ज्याला स्वतःच्या मालाची चव शब्दांत सांगता येत नाही, त्याच्याकडे विकायला फक्त कमी भाव उरतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: बारामती-इंदापूर भागात खाण्यापिण्याच्या धंद्यात उतरणाऱ्यानं वाईन कशी चाखतात, हे एकदा शिकून घ्यावं.

आता तुम्ही म्हणाल, "सर, आमच्या दारावरून तुकोबांची पालखी जाते आणि तुम्ही वाईन शिकवताय?" अहो, पिणं वेगळं आणि चाखणं वेगळं. व्यावसायिक चाखणारे घोट तोंडात फिरवून थुंकून टाकतात, नाहीतर दहाव्या नमुन्याला जीभच काम करणार नाही. तरीही नको असेल, तर हीच पद्धत द्राक्षाच्या रसावर किंवा काकवीवर वापरा. आणि वय २१ पूर्ण नसेल, तर रसच घ्यायचा.

वाईन आपल्या भागाला परकीही नाही. बारामती-पाटस रस्त्यावर रोटीला फोर सीझन्सची वायनरी उभी राहिली. इंदापूरहून सराटीला नीरा ओलांडली की अकलूज, आणि तिथे फ्रातेल्ली. इटलीची मंडळी आणि अकलूजचे मोहिते-पाटील यांनी मिळून ती उभारली. 'फ्रातेल्ली' म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. त्यांच्या एका वाईनचं नाव 'सेट्टे', म्हणजे सात.

आपण खातो ती द्राक्षं मोठी, पातळ सालीची, बहुतेक बिनबियांची. वाईनची द्राक्षं लहान, जाड सालीची, बियांची. बाजारात ती मागे पडतील, पण लाल वाईनचा रंग सालीतून येतो आणि तुरटपणा साल-बियांतून. म्हणजे एका गिऱ्हाइकाला जो दोष वाटतो, तोच दुसऱ्यासाठी गुण असतो. हे ओळखायला जीभ तयार लागते.

ती तयार कशी करायची?

१. पांढऱ्या कागदासमोर ग्लास तिरका धरून रंग बघा.

२. न हलवता वास घ्या. मग ग्लास गोल फिरवून पुन्हा घ्या. फरक जाणवेल. वाईन फार थंड असेल, तर वास दबतो.

३. छोटा घोट तोंडभर फिरवा. तोंडाला पाणी सुटलं तर आंबटपणा चांगला आहे. जीभ-हिरड्या कोरड्या पडल्या तर तो तुरटपणा.

४. थुंकल्यावर चव किती वेळ रेंगाळते, ते मोजा.

५. एकच नमुना कधीच चाखू नका. दोन शेजारी ठेवा. तुलनेशिवाय जीभ शिकत नाही.

आणि शब्द? 'ब्लॅकबेरी'सारखे शब्द पाठ करू नका. जी बेरी आपण खाल्लीच नाही, तिचा वास कसा ओळखणार? आपल्याकडे जांभूळ आहे, करवंद आहे, पिकलेला पेरू आहे, मिरी आहे. सोव्हिन्यॉ ब्लाँमध्ये पेरू सापडतो का बघा, शिराझमध्ये मिरी शोधा. 'टॅनिन' समजावून घ्यायला लोक क्लास लावतात. आपण आवळा आणि कच्चं जांभूळ खाऊन 'तुरट' लहानपणीच शिकलोय!

आता हेच तुमच्या मालाला लावा. "आमचा गूळ एक नंबर" म्हणण्याऐवजी "आमचा गूळ आधी गोड लागतो, मग किंचित खारट, आणि शेवटी भाजल्यासारखा वास रेंगाळतो" असं सांगा. गिऱ्हाईक थांबेल. "दाखवा बरं," म्हणेल. भावाची गोष्ट नंतर निघेल.

एक इशारा मात्र देतो. लक्षपूर्वक चाखलं की स्वतःच्या मालातला दोषही कळतो. कधी जळका वास, कधी शिळं तेल. ते कळलं की पुढची खेप विकायची की थांबवायची, हा निर्णय तुम्हालाच घ्यावा लागेल. पण गिऱ्हाइकाच्या आधी तो दोष तुम्हाला कळला, हीच कमाई.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमचा माल आणि शेजारच्या स्पर्धकाचा माल, दोन सारख्या वाट्यांत घ्या. कुठली वाटी कोणाची, हे घरच्यांना सांगू नका. प्रत्येकाकडून पाच-पाच शब्द लिहून घ्या. 'भारी', 'मस्त', 'एक नंबर' चालणार नाहीत!