चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

गेल्या हिवाळ्यात आमच्या एका स्नेह्यांच्या नातवाचा पाचवा वाढदिवस एका बालगृहात साजरा झाला. हल्ली ही पद्धत बऱ्याच घरांत रुजली आहे आणि हॉटेलात पैसे उधळण्यापेक्षा ती केव्हाही बरी. केक कापला, वह्या आणि रंगपेट्या वाटल्या, मुलांनी एका सुरात गाणे म्हटले, फोटो निघाले. निघताना पायरीवर बसलेला आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा अगदी सहज म्हणाला, "काका, आज हा तिसरा केक." रविवार होता, म्हणजे वाढदिवसांची गर्दी असणारच. त्याला विचारले, "तुझे घर कुठे रे?" गावाचे नाव सांगून तो म्हणाला, "आई ऊसतोडीला गेलीय. पाडव्याला येणार."

म्हणजे हा मुलगा अनाथ नव्हता. त्याला आई होती. तीन केक घेऊन आलेल्या तीन कुटुंबांपैकी कोणालाही ती ठाऊक नव्हती. आम्हालाही नव्हती.

तेव्हापासून बांगलादेशातली एक जुनी हकिगत पुन्हा पुन्हा आठवते. गरीब मुलांसाठी जगभर जे दानधर्माचे काम चालते, त्यात इतके साधे आणि इतके मोठे काम दुसरे क्वचितच झाले असेल. तरीही आपल्याकडे ते फारसे कोणाला माहीत नाही.

हकिगतीची सुरुवात मात्र आपल्याच देशात होते. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले आणि सीमेवरच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने थैमान घातले. रुग्णालयात खाटा अपुऱ्या, रोगी जमिनीवर, आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आलेले. तिथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक धाडस केले. मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांची पूड कोलकात्यात पुड्यांत भरून आणायची, पाण्यात कालवायची, आणि ते पाणी रोग्याच्या नातेवाइकांनीच त्याला पेल्याने पाजायचे. शेकडा तीसच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा चारच्या खाली आले.

ही काही जादू नव्हती. जुलाबात आतड्यातून पाणी वाहून जात असते आणि नुसते पाणी किंवा नुसते मीठ पाजून ते भरून निघत नाही. पण मिठाबरोबर साखर असली, की आतडे दोन्ही एकदम आत ओढून घेते आणि त्यांच्यामागून पाणीही आत जाते. आतड्याची ही वाट कॉलऱ्यातसुद्धा उघडी राहते. शास्त्रज्ञांना हे १९६०च्या दशकात कळले होते. डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश या दोघा तरुण अमेरिकन डॉक्टरांनी १९६८ मध्ये ढाक्याला रोग्यांवर ते सिद्धही केले होते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने पुढे १९७८ साली, हा कदाचित या शतकातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल, असे म्हटले. पण शोध नियतकालिकात छापून आला म्हणून तो झोपडीत पोचत नाही. १९८०च्या सुमारास जगात दर वर्षी ४५ लाखांच्या आसपास लहान मुले जुलाबाने दगावत होती.

खरी गोष्ट इथून पुढे आहे.

फझले हसन आबेद हे चितगावला शेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. १९७०चे चक्रीवादळ आणि पाठोपाठचे मुक्तियुद्ध यांनी त्यांचे आयुष्य पालटले. लंडनमधला आपला फ्लॅट विकून आलेल्या पैशातून त्यांनी १९७२ साली सिल्हेट भागातल्या सुल्ला इथे परतलेल्या निर्वासितांसाठी काम सुरू केले. तीच पुढे 'ब्रॅक' म्हणून जगभर नावाजलेली संस्था. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष. आपल्याकडे त्या वर्षी चित्रकलेच्या स्पर्धा आणि प्रभातफेऱ्या झाल्याचे अनेकांना आठवत असेल. ब्रॅकने त्या निमित्ताने ठरवले, की मुलांना जुलाबापासून वाचवण्याची विद्या देशातल्या प्रत्येक आईला शिकवायची. प्रत्येक म्हणजे अक्षरशः प्रत्येक.

पुड्या वाटण्याचा विचार बाजूला ठेवावा लागला, कारण तेवढ्या पुड्या करणार कोण आणि चिखलातून, नावेतून त्या खेडोपाडी पोचवणार कोण? मग घरात जे असते त्याचेच माप ठरले. तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. थोडेफार शिकलेल्या खेड्यातल्या बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्या तुकड्या केल्या. या बायका पायी घरोघर जात, अंगणात आईसमोर बसत, आणि त्या घरातलेच भांडे घेऊन अर्धा शेर पाणी कुठवर येते तिथे खूण करून देत. मग आईने स्वतःच्या हाताने पाणी करून दाखवायचे. लिहिता-वाचता येण्याची अट नव्हती. मोजके मुद्दे होते, ते तोंडपाठ करायचे.

पुष्कळ डॉक्टरांना हे मुळीच पसंत नव्हते. निरक्षर बाईच्या चिमटीवर विश्वास कसा ठेवायचा? मीठ जास्त पडले तर मूल दगावेल! ही भीती खोटी नव्हती, म्हणून ब्रॅकने ती वाऱ्यावर सोडली नाही. आयांनी केलेल्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत नेऊन त्यातले मीठ मोजले जाई.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यांचा पगाराचा हिशेब. कार्यकर्तीने किती घरांना भेट दिली यावर पैसे नव्हते. सुमारे महिन्याभराने दुसराच माणूस त्यातल्या काही घरी अचानक जाई, आईला मुद्दे विचारी, पाणी करायला सांगी. आईला सगळे आठवले आणि पाणी बिनचूक झाले, तर शिकवणारीला पूर्ण मोबदला. कमी आठवले तर कमी. काहीच आठवले नाही, तर त्या घरामागे एक टाकाही नाही. आपल्याकडच्या किती योजनांचा, किती शिबिरांचा आणि (शिक्षकमित्रांनी क्षमा करावी) किती शाळांचा हिशेब या मापाला टिकेल?

एवढे करूनही सुरुवातीला काम फसलेच. आयांना मुद्दे पाठ होते, पाणीही छान जमत होते, पण मूल आजारी पडल्यावर ते पाणी पाजणाऱ्या फारच थोड्या निघाल्या. कारण शोधायला माणसे गेली तेव्हा डोळे उघडले. गावात जुलाबाला एक नाव नव्हतेच. तान्ह्या मुलाचे दुधाचे, अजीर्णाचे, आवेचे आणि पाण्यासारखे जोराचे, असे चार वेगवेगळे आजार लोक मानत, आणि शिकवलेले पाणी फक्त चौथ्यासाठी आहे अशी त्यांची समजूत झाली होती. दुसरे असे, की घरातल्या पुरुषांना कोणी विचारलेच नव्हते, त्यामुळे ते नाराज होते. तिसरे कारण सर्वांत बोचणारे. शिकवणाऱ्या बायकांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले, की त्या गोळ्या घेत.

ब्रॅकने हे दडवले नाही. कार्यकर्त्यांना त्यामागचे विज्ञान नीट समजावून दिले, चारही आजारांची नावे धड्यात आली, आणि पुरुषांशी बोलायला माणसे मशिदीत, शाळेत, बाजारात जाऊ लागली. १९८० ते १९९० या दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरांत हा धडा पोचला. पैसा स्वित्झर्लंड, स्वीडन, युनिसेफ यांच्याकडूनही आला होता. म्हणजे परक्या देशातल्या सामान्य करदात्याच्या खिशातले नाणेही त्यात होते. बांगलादेशात १९८०च्या सुमारास जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी जवळपास २०० मुले पाच वर्षांची होण्यापूर्वी जात. आज हा आकडा तीसच्या आसपास आहे. त्याचे सगळे श्रेय मीठ-गुळाचे नव्हे. लसी, मुलींचे शिक्षण, कुटुंबनियोजन, वाढते उत्पन्न, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण जुलाब झालेल्या मुलाला पाणी तोडायचे नाही, ही गोष्ट त्या देशात घराघरांत मुरली ती या दहा वर्षांत.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण २००७ सालचे आहे. 'लार्श द झोए' या फ्रेंच संस्थेची माणसे आफ्रिकेतल्या चाड देशात आबेशे इथून १०३ मुलांना विमानाने फ्रान्सला नेण्याच्या बेतात असताना पकडली गेली. ही दार्फुरच्या युद्धातली अनाथ मुले असल्याचे त्यांचे म्हणणे होते, आणि फ्रान्समध्ये कित्येक कुटुंबे त्यांची वाट पाहत होती. चौकशीत निघाले ते असे, की बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात होते आणि मुले चाडच्याच सरहद्दीवरच्या खेड्यांतली होती. मुलांना शाळेत घालणार, असे आईबापांना सांगण्यात आले होते. संस्थेच्या सहा जणांना शिक्षा झाली, पुढे चाडच्या अध्यक्षांनी त्यांना माफीही दिली. फ्रान्समधल्या त्या कुटुंबांच्या मनात वाईट हेतू होता असे मला वाटत नाही. त्यांना मूल दिसले, मुलामागची आई दिसली नाही, इतकेच. पण एवढ्यावरून केवढा अनर्थ झाला!

अशा चुका विरळा नाहीत. 'सेव्ह द चिल्ड्रन' या जुन्या, अनुभवी संस्थेने २००९ मध्ये सांगितले, की जगभरच्या अनाथालयांतल्या पाचपैकी किमान चार मुलांची आई किंवा वडील, निदान एकजण तरी, जिवंत आहे. मुले तिथे येतात ती मुख्यतः गरिबीमुळे. ज्यांना खरोखर कोणी नाही, किंवा ज्यांच्या घरातच त्यांना धोका आहे, त्यांच्यासाठी संस्था हव्यातच आणि तिथे मनापासून राबणाऱ्या माणसांविषयी मला आदर आहे. परंतु देणगीचा ओघ जर संस्थेतल्या मुलाकडेच वाहत राहिला, तर गरीब आईला मूल जवळ ठेवण्यापेक्षा संस्थेत सोडणेच परवडू लागते.

आईच्या हाती विद्या देण्याची वाट महाराष्ट्रालाही परकी नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. ३९ गावांतल्या या प्रयोगात नवजात बालकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात तीच पद्धत आली.

मग आता काळजी कसली? काळजी अशी, की जगात जुलाबाने पाच वर्षांखालची चार लाखांहून अधिक मुले आजही दर वर्षी जातात. आपल्या देशाच्या २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या शंभर मुलांपैकी सुमारे ६१ मुलांनाच क्षारसंजीवनी मिळाल्याचे आढळले. उरलेल्यांच्या घरी पाणी नव्हते की साखर नव्हती? कित्येक ठिकाणी डॉक्टरच गोळ्या लिहून देतात आणि आपणही "नुसते मीठ-साखरेचे पाणी काय सांगितले!" म्हणून नाक मुरडतो. (पुडी हाताशी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे माप कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावून ठेवावे आणि घरी कामाला येणाऱ्या बाईंनाही सांगावे.)

त्यातच २०२५च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशांना दिली जाणारी मदत अचानक रोखली आणि जुलै उजाडेपर्यंत ती देणारे खातेच बंद केले. ज्या ढाक्यात या पाण्याची पहिली परीक्षा झाली, तिथल्या जुलाबरोगांच्या संशोधनसंस्थेला हजारावर माणसे कमी करावी लागली. मोठ्या देशांची दानत अशी एका सहीने आटते, हे पाहिल्यावर आपल्यासारख्यांच्या लहान देणग्यांकडे जरा गंभीरपणे पाहायला हवे. दर महिन्याला पाचशे-हजार रुपये देणारी हजारो कुटुंबे आज मराठी मुलुखात आहेत. संस्थेने पाठवलेला हसऱ्या मुलाचा फोटो आणि करसवलतीची पावती मिळाली, की आपण समाधान मानतो. त्याऐवजी एक पोस्टकार्ड टाकून किंवा फोन करून विचारावे, "ज्या घरांत तुम्ही काम केले, तिथे सहा महिन्यांनी पुन्हा कोणी गेले होते का? काय आढळले?" चांगली संस्था या प्रश्नाने रागावणार नाही. उलट काय फसले तेही सांगेल. जी फक्त फोटोच पाठवील, तिच्या बाबतीत आपला हात थोडा आखडता घ्यायला हरकत नाही.

आमच्या त्या स्नेह्यांच्या घरी पुढच्या महिन्यात धाकट्या नातीचा वाढदिवस आहे. या वेळी आजींनी बालगृहाला आधीच फोन केला. केकचे विचारलेच नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या आयांची मुले हंगामात गावीच, आजी-आजोबांजवळ राहून शाळेत जाऊ शकतील यासाठी काय लागेल, असे त्यांनी विचारले. पलीकडच्या बाई क्षणभर गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही मंगळवारी या, बसून बोलू."