विश्लेषण : एलईडीने युनिट वाचवले, पण पॉवर फॅक्टरचे काय?

कुपवाड, मिरज आणि साताऱ्याच्या एमआयडीसीतील शेडमध्ये जुन्या ट्यूबची जागा एलईडीने घेतली. प्रकाशावर खर्च होणारे युनिट घटले. मात्र मोठ्या ग्राहकांचे बिल आता निव्वळ युनिटवर ठरत नाही. त्यामुळे दिव्यामागे बसवलेला ड्रायव्हर कसा आहे, याला महत्त्व आले आहे.

नियम काय बदलला?

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या ३० मार्च २०२० च्या आदेशानुसार १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना केडब्ल्यूएचऐवजी केव्हीएएचवर आकारणी सुरू झाली. प्रत्यक्ष वापर ९५ युनिट आणि पॉवर फॅक्टर ०.९५ असेल, तर मोजले जातात १०० केव्हीएएच. पॉवर फॅक्टर घसरला की तेवढ्याच कामाला जास्त पैसे. घरगुती बिल मात्र साध्या युनिटवरच येते.

ड्रायव्हर नेमका कुठे चुकतो?

साध्या ड्रायव्हरमध्ये रेक्टिफायर आणि त्यामागे मोठा कपॅसिटर असतो. २३० व्होल्टच्या लाइनचा दाब ३२५ व्होल्टच्या शिखराजवळ पोहोचतो, तेव्हाच हा कपॅसिटर करंट ओढतो. उरलेला वेळ तो गप्प. अशा तुटक करंटमुळे पॉवर फॅक्टर ०.५ ते ०.६ पर्यंत घसरतो.

उदाहरणार्थ, ४० वॉटचे १०० दिवे १० तास चालले तर ४० युनिट होतात. पॉवर फॅक्टर ०.५५ असेल तर हाच वापर सुमारे ७३ केव्हीएएच, ०.९५ असेल तर सुमारे ४२. संपूर्ण कारखान्याच्या बिलात मोटारींचा भारही मिसळतो, त्यामुळे प्रत्यक्ष फरक वेगळा असेल.

कपॅसिटर पॅनेल आहे की!

हे पॅनेल मोटारींसाठी असते. मोटारीचा करंट व्होल्टेजच्या मागे राहतो, कपॅसिटर तो सावरतो. एलईडीत करंटचा आकारच बिघडलेला असतो. तिथे हा उपाय चालत नाही, उलट हार्मोनिक्समुळे कपॅसिटर तापू शकतो. तासगाव-सांगलीकडच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्रेसर थांबलेले आणि पॅनेल चालूच, अशी वेळ आली तर पॉवर फॅक्टर लीडिंगकडे जातो. केव्हीएएच मोजणीत तोही महागात पडतो.

दुसरा धोका न्यूट्रलचा. तिन्ही फेजवर दिवे समान वाटले, तरी तिसऱ्या हार्मोनिकचे करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडत नाहीत, त्यांची बेरीज होते. बारीक न्यूट्रल वायर तापते.

मग उपाय कोणता?

दुरुस्ती ड्रायव्हरच्या आतच हवी. आयसोलेटेड ड्रायव्हरमध्ये ट्रान्सफॉर्मर मेन्स आणि एलईडी यांना वेगळे ठेवतो, म्हणजे दिव्याच्या बाजूला हात लागला तरी मेन्सचा थेट झटका बसू नये. पॉवर फॅक्टर करेक्शनचे सर्किट ट्रान्सफॉर्मरच्या मेन्सकडच्या बाजूला बसते. ते करंटला व्होल्टेजच्या लाटेप्रमाणेच वाहायला लावते.

याचे दोन मार्ग आहेत. एकाच टप्प्याचा फ्लायबॅक स्वस्त पडतो, पण त्यात १०० हर्ट्झचा चढउतार एलईडीपर्यंत पोहोचू शकतो. अशा प्रकाशात फिरणारा लेथचा चक थांबल्यासारखा भासू शकतो, आणि हा थेट कामगाराच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. दुसऱ्या मार्गात आधी बूस्ट सर्किट सुमारे ४०० व्होल्ट डीसी तयार करते, नंतर आयसोलेटेड टप्पा दिव्याला स्थिर करंट देतो. खर्च वाढतो, प्रकाश स्थिर राहतो.

खरेदी करताना काय पाहावे?

फक्त वॉट आणि वॉरंटी पाहू नका. पूर्ण लोडवरचा पॉवर फॅक्टर, टीएचडी म्हणजे करंटमधील एकूण हार्मोनिक विकृती, आणि फ्लिकर हे तीन आकडे पुरवठादाराकडून लेखी घ्या. शंभर दिवे बसवण्याआधी एक दिवा पॉवर ॲनालायझरवर तपासून घ्या. ड्रायव्हरवर वाचवलेले पैसे बिलातून परत जाणार असतील, तर तो दिवा स्वस्त पडत नाही.