काळ्या अक्षरांवरील आळ

जुन्या इंग्रजी दस्तांच्या आरंभीची टोकदार, काळीभोर अक्षरे आमच्या वाचकांच्या नजरेखालून गेली असतील. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या पत्राचे शीर्षकही त्याच घराण्यातले. अशी अक्षरे दिसली की सुशिक्षित माणूस दोनच शब्द उच्चारतो : ‘गॉथिक’ आणि ‘नाझी’. पहिला शब्द अज्ञानातून आला आहे, दुसरा त्याहून वाईट कारणातून. आणि दोन्हींवर आमचा आक्षेप आहे.

गॉथ लोकांचा या अक्षरांशी काहीएक संबंध नाही. त्यांच्या भाषेसाठी बिशप वुल्फिलाने चौथ्या शतकातच एक लिपी सिद्ध केली होती, व ती मुख्यतः ग्रीक वळणावर बेतलेली होती. बाराव्या शतकात उत्तर युरोपात रूढ झालेल्या या लेखनवळणाला पुढे इटालियन पंडितांनी ‘गॉथिक’ म्हटले ते ‘रानटी’ या अर्थाने. शिवी कालांतराने नाव होऊन बसली, आणि त्या एका नावाखाली चार निरनिराळी वळणे कोंबली गेली.

ती ओळखण्यास पांडित्य लागत नाही. ज्यांनी लहानपणी बोरू तासून कित्ता गिरविला आहे, त्यांना टोकाचा कोन बदलला की अक्षराचा स्वभाव कसा बदलतो हे सांगावयास नको. लहान ‘ओ’ हे एकच अक्षर घ्यावे. टेक्स्तुरात ते सर्व बाजूंनी मोडून षट्कोनासारखे होते. इटली-स्पेनकडील रोटुंडात जवळजवळ वाटोळे राहते. श्वाबाखरमध्ये दोन्ही कडा फुगीर आणि वरखाली टोके. फ्राक्टुरमध्ये डावी कड मोडलेली व उजवी वळलेली. 1493 साली न्यूरेंबर्गच्या कोबर्गरने आपला सचित्र जगवृत्तांत छापला, तेव्हा लॅटिन आवृत्तीस रोटुंडा वापरला आणि जर्मन आवृत्तीस श्वाबाखर. त्या काळच्या मुद्रकाला जो भेद सहज कळत होता, तो आजच्या जाणकारांना कळू नये?

वाचण्यास कठीण, हा आरोप मात्र अगदीच निराधार नाही. टेक्स्तुरात उभ्या दांड्यांची इतकी दाटी होते की आय, एन, एम, यू यांची गल्लत व्हावी. आयच्या डोक्यावर खूण आली ती याच अडचणीपोटी. परंतु हा दोष एका वळणाचा. त्याची शिक्षा चौघांना का? लूथरचा ‘नवा करार’ 1522 मध्ये श्वाबाखरमध्येच छापला गेला आणि सामान्य जर्मन माणसाने तो वाचला. खरा अपराध हल्लीच्या हौशी सुलेखनकारांचा आहे. सबंध शब्द फ्राक्टुरच्या शेपटीदार मोठ्या अक्षरांत लिहावयाचा आणि वाचता येत नाही म्हणून लिपीला दूषण द्यावयाचे! ती मोठी अक्षरे शब्दाच्या आरंभी एकेकटी शोभण्यासाठी घडविलेली आहेत.

आता दुसरा आळ. 1933 नंतर नाझी राजवटीने ही अक्षरे ‘जर्मन लिपी’ म्हणून मिरविली, हे खरे आहे. ते लपविण्याचे कारण नाही. पण पुढे काय झाले? 3 जानेवारी 1941 रोजी मार्टिन बोरमानच्या सहीने एक परिपत्रक निघाले. तथाकथित गॉथिक लिपी ही वस्तुतः श्वाबाखरची ‘ज्यू अक्षरे’ आहेत, सबब यापुढे रोमन वळण हेच सामान्य लिपी समजावे, असा त्याचा आशय. या शोधाला इतिहासात काडीचा आधार नव्हता. त्या परिपत्रकाच्या कागदावरील छापील शीर्षक मात्र त्याच निषिद्ध वळणाच्या अक्षरांत होते! म्हणजे ज्यांनी ही लिपी मोडीत काढली, त्यांच्याच नावाने ती आज ओळखली जाते; आणि बंदी घालणाऱ्यांना हवी होती ती बदनामी त्यांचे विरोधकच आजवर इमानाने पुरवीत आले आहेत.

त्याच वर्षी सप्टेंबरात शाळांतील हस्ताक्षराची जर्मन लिपीही दुसऱ्या परिपत्रकाने गेली. आमचे बहुसंख्य वाचक परिपत्रके काढणारे किंवा ती अमलात आणणारे आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो. ना लढाई, ना जाळपोळ. दोन कागद निघाले, आणि आजोबांची पत्रे वाचावयास नातवंडांना शिकवणीच्या वर्गात जाण्याची पाळी आली.

आमच्या मोडीवर असा आळ कोणी घेतला नाही. ती छापखान्याच्या सोयीपुढे हरली. तिच्या पराभवाला निदान द्वेषाचा वास नव्हता. पण परिणाम तोच. तंजावरच्या भोसले राजांचे मोडी कागद आजही तमिळनाडूत आहेत. त्या बाजूस बदली होऊन गेलेल्या आमच्या वाचकांपैकी कितींनी ते पाहिले, आणि पाहिलेल्यांपैकी कितींना त्यातली एक ओळ लागली, हे आम्हांस त्यांच्याकडूनच ऐकावयाचे आहे.