घरचे झाले थोडे?

'घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे' ही म्हण मराठी माणसाला फार प्रिय आहे. युद्धात आईबाप गमावलेल्या परक्या मुलांना आपण आसरा द्यावा, असे चारचौघांत बोलून पाहा. ही म्हण लगेच अंगावर येते. आमचीच पोरे उपाशी, आमच्याच शाळा गळक्या, आणि तुम्हांला दुसऱ्यांच्या पोरांचा पुळका! ऐन फराळाच्या वेळी हा विषय काढल्याबद्दल वाचक मला क्षमा करोत. पण ज्या सणाला आपण लेकरांना नवे कपडे घेतो, त्या सणाला पोरक्यांची आठवण काढायची नाही, तर ती काढायची कधी?

ही म्हण या बाबतीत साफ खोटी आहे, असे माझे म्हणणे आहे. आणि ते पटवायला मला फार दूर जावे लागत नाही. कोल्हापूरपर्यंत गेले की पुरे.

१९४० आणि १९४१ साली सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधील लाखो माणसे उचलून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. पुढे १९४१ च्या जुलैमधील करारानंतर त्यांच्या सुटकेची वाट मोकळी झाली, आणि १९४२ साली लाखाहून अधिक पोलिश सैनिक व नागरिक शेजारच्या इराणात पोहोचले. त्यांत हजारो मुले होती, आणि त्यांतील कित्येकांचे आईबाप भुकेने नि साथीने वाटेतच संपले होते. इस्फहानने त्यांतली इतकी मुले सांभाळली की, 'पोलिश मुलांचे शहर' असे त्याचे नावच पडले. इराणच्या वाटेने काही मुले हिंदुस्थानात आली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ साली बालाचडीला त्यांच्यासाठी छावणी उभारली. आणि १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश बायका, मुले आणि वृद्ध राहू लागले.

आता ती साले नीट पाहा. देश पारतंत्र्यात, पुढारी तुरुंगात, आणि १९४३ साली बंगालात लाखो माणसे अन्नान्न करीत मेली. 'घरचे थोडे' म्हणायला याहून सबळ निमित्त कोणते हवे होते? कोणी विचारील, मग खर्च कोणी केला? प्रश्न रास्त आहे. वळिवड्याचा भार मुख्यतः लंडनमधील परागंदा पोलिश सरकारने उचलला. बालाचडीसाठी हिंदी संस्थानिकांनी आणि दात्यांनी वर्गणी दिली. बंगालच्या तोंडचा घास काढून कोणी पोलिश पोराला भरवला नाही. बंगाल मेला तो राज्यकर्त्यांच्या बेपर्वाईने आणि साठेबाजांच्या हावरेपणाने. जे आज परक्या पोराकडे बोट दाखवतात, ते आपल्या पोराच्या उपासमारीचा खरा जाब कधी कोणाला विचारतात का?

पुढची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९४८ पर्यंत पोलिश माणसे वळिवडे सोडून गेली, आणि फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे त्याच बराकींत येऊन राहिली. तेच आजचे गांधीनगर. दिवाळीच्या कापडखरेदीला जिथे झुंबड उडते, ती पेठ निर्वासितांनी निर्वासितांच्या बराकींत वसवली आहे. दारच्यांसाठी घातलेले छप्पर शेवटी घरच्यांच्याच कामी आले.

१९७१ सालीही हेच झाले. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसे आली. त्यांच्यासाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचे ज्यादा तिकीट लागू लागले. पुढच्याच साली महाराष्ट्र दुष्काळाने होरपळला. पण त्या पाच पैशांनी कोणाची चूल विझल्याचे मी ऐकलेले नाही.

आणि आज? वॉर्सात जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे, कोल्हापूरचे स्मारक आहे. २०१९ मध्ये वळिवड्यालाही स्मारक झाले. २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी वॉर्सात जाऊन दोन्ही स्मारकांना वंदन केले. हे सारे चांगलेच आहे. पण आजोबांच्या अन्नछत्राची कीर्ती सांगणाऱ्या नातवाने दाराला मात्र कडी घालावी, तशी आपली गत आहे. १९५१ चा निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार आपण स्वीकारलेला नाही; आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. १९९२ साली आपण बालहक्कांचा करार मात्र मान्य केला, आणि त्याच्या बाविसाव्या कलमात निर्वासित मुलाला संरक्षण देण्याची जबाबदारी स्पष्ट आहे. ती कागदावरच आहे.

यात आपण एकटे नाही. ज्या पोलंडने २०२२ साली युक्रेनच्या मुलांना पोटाशी धरले, त्याच पोलंडने २०२१ साली बेलारूसच्या सीमेवरून इराकी आणि अफगाण कुटुंबे मुलाबाळांसकट परत लोटली. उलट चाडसारखा अत्यंत गरीब देश एप्रिल २०२३ पासून शेजारच्या सुदानमधून आलेल्या लाखो जीवांना जागा देत आहे. तेव्हा दार उघडते ते श्रीमंतीने नव्हे.

दयाळू राजा भेटला म्हणून मूल वाचले, हे त्या मुलाचे नशीब झाले. तो न्याय नव्हे. सगळीच मुले राजाच्या वाटेवर येत नाहीत. म्हणून मला कायदा हवा आहे, आणि त्यात फार थोडे हवे आहे. सीमेवर आलेले एकटे मूल परत ढकलू नये, कोठडीत टाकू नये. भावंडांची ताटातूट करू नये. त्याचे कोणी नातलग कुठे जिवंत असतील, तर त्यांचा शोध घ्यावा. त्याला शाळा मिळावी, आणि त्याची भाषा त्याच्यापाशी राहावी. वळिवड्याला पोलिश शाळा होत्या, चर्च होते, बालवीरांची पथके होती. ती मुले पोलिश म्हणून आली आणि पोलिश म्हणूनच गेली. आसरा देणे म्हणजे पोर पळवणे नव्हे.

व्याह्याने धाडलेले घोडे एक वेळ परत पाठवता येईल. पण ज्याचे घरच उरलेले नाही, ते पोर आपण कोणत्या पत्त्यावर परत पाठवणार आहोत?