स्लॅबचा विमा आहे, माणसाचा?

गेल्या वर्षी मुंब्र्यातल्या एका साइटवर अब्बांच्या ठेक्यातला बिगारी परांचीवरून पडला. पाय मोडला. मी बिल्डरकडे गेलो. "विमा आहे की," म्हणत त्याने पॉलिसी पुढे केली. नाव 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क'.

सिव्हिलचा डिप्लोमा करूनही मी ती पहिल्यांदाच पूर्ण वाचली. आग, वादळ, पूर यांत बांधकामाचे आणि सामानाचे नुकसान भरून मिळते. शेजाऱ्याची भिंत पडली किंवा वाटसरू जखमी झाला, तर 'तिसरा पक्ष' म्हणून भरपाई आहे. पण त्याच कामावरचा मजूर, बिल्डरचा असो की ठेकेदाराचा, तिसरा पक्ष धरला जात नाही. स्लॅबचा विमा होता, स्लॅब भरणाऱ्याचा नव्हता.

त्याच्यासाठी कामगार नुकसानभरपाईचा वेगळा विमा असतो. पोटठेकेदाराचे मजूरही त्यात दाखवावे लागतात. तो बिल्डरने घेतला नव्हता, आम्हीही नाही. दवाखान्याचे बिल आम्ही भरले. उपकार नव्हे, ते आमचे देणेच होते.

१९२३ च्या कायद्यापासून कामावरच्या अपघाताची भरपाई मालकावर आहे. ठेकेदाराने हात वर केले तरी मूळ मालक सुटत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही जबाबदारी कायम आहे. विमा नसला तर पैसे खिशातून द्यायचे.

आपल्यातले काही ठेकेदार म्हणतात, "विमा नाजायज, अल्लाह मालिक आहे." विम्याचा मसला उलेमांना जरूर विचारा. पण मग भरपाईची रक्कम बाजूला काढून ठेवली आहे का? मजुराचा हक्क बुडवणे कधीपासून जायज झाले? तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडणे नव्हे.

४ एप्रिल २०१३ ला आपल्या शेजारी, शीळफाट्याला, बांधकाम सुरू असलेली बेकायदा इमारत कोसळली. ७४ जीव गेले. त्यांत मजूर होते, त्यांची लेकरे होती. परवानगीच नसलेल्या कामात मजुराच्या विम्याची चौकशी कोण करणार?

दोस्तांनो, आपली कितीतरी मुले सेंटरिंग, प्लास्टर, सुपरव्हिजनमध्ये आहेत. काम धरण्याआधी तीन गोष्टी विचारा. बांधकामाला परवानगी आहे का? कामगारांच्या विम्यात आपली माणसे दाखवली आहेत का? आणि बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी ९० दिवस काम केल्याचा दाखला मिळेल का? तुम्ही स्वतः ठेकेदार असाल, तर तो दाखला तुम्हीच द्या.

परवा अब्बांनी नवे काम घेताना आधी पॉलिसी मागितली. बिल्डर म्हणाला, "बाकीचे ठेकेदार मागत नाहीत."

म्हणूनच तर सगळ्यांनी मागायला हवी.