सदरमधले संन्यासी

नागपुरात ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. गल्लीतल्या दोन खोल्यांत एक घसरगुंडी आणि चार रंगीत खुर्च्या मांडून कोणी बालवर्ग काढला, की दारावर ‘अमुक कॉन्व्हेंट’ अशी पाटी लागलीच. मग ते अमुक म्हणजे गणपती असो की राणी लक्ष्मीबाई! आई शेजारणीला कौतुकाने सांगते, “पोराला यंदा कॉन्व्हेंटात टाकलं.” कॉन्व्हेंट म्हणजे जोगिणींचा मठ, हे त्या माउलीला कोणी सांगितले, तर ती दुसऱ्या दिवशी नाव काढून पोराला घरी आणील.

तीच गत सेमिनरी हिल्सची. बालोद्यानात मुले मोकळी सोडून आपण त्या टेकडीवर हवा खातो. परंतु सेमिनरी म्हणजे पाद्री घडविण्याची पाठशाळा, आणि तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून टेकडीला नाव पडले, हे कितीजणांच्या ध्यानी असते? म्हणून म्हटले, यंदा फराळाबरोबर सदरची गोष्ट सांगावी. (हे सदर नव्हे, नागपुरातले सदर.)

सदरमध्ये सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाचे कॅथिड्रल आहे आणि त्याच नावाची, १८७० साली निघालेली शाळा आहे. हे संत १५६७ सालचे, आल्प्सच्या कुशीतल्या सॅव्हॉय प्रांतातले. प्रवचनाला कोणी फिरकेना, तेव्हा ते आपले म्हणणे कागदावर उतरवून लोकांच्या दाराखालून आत सरकवीत. या खटपटीचे फळ त्यांना तीनशे वर्षांनी मिळाले. १९२३ साली पोपसाहेबांनी त्यांना पत्रकारांचे पालक-संत ठरविले. म्हणजे आमच्या धंद्याचे कुलदैवतच म्हणा ना!

यांनी १६१० साली जेन दे शांताल या विधवा बाईंच्या साथीने आनसी गावी स्त्रियांचा एक संघ काढला. मरियेने एलिझाबेथेची भेट घेतली त्या प्रसंगावरून त्याचे नाव ‘व्हिजिटेशन’. भगिनींनी घरोघर जाऊन आजाऱ्यांची विचारपूस करावी, असा मूळ बेत. लिऑनच्या आर्चबिशपांना तो रुचला नाही. बायकांनी व्रत घ्यायचे तर गजाआड! आठ वर्षांत भेटीला निघालेल्या भगिनी मठात बंद झाल्या. पुढे १६५० साली ल पुई येथे सेंट जोसेफच्या भगिनींनी यातून युक्तीने वाट काढली. त्या साध्या विधवेच्या वेषात वावरू लागल्या. कारण त्या काळी तिकडे विधवेलाच एकटीने हिंडण्याची मुभा होती. (आमच्याकडे विधवेलाच कोंडत. देशोदेशींचे न्याय!) या भगिनींची आनसीची तुकडी १८४९ साली आंध्र किनाऱ्यावरील यानमला उतरली. नागपूरच्या सेंट जोसेफ कॉन्व्हेंटचे नाव याच परंपरेतले.

पुरुषांची हकीकत निराळी. १७९२ साली फ्रेंच क्रांतीच्या फौजा सॅव्हॉयमध्ये शिरल्या आणि तिथली धर्माची घडी पार विस्कटली. ती पुन्हा बसवावी म्हणून पीटर मेर्मिए नावाच्या धर्मगुरूने काही सोबती जमवून गावोगाव प्रवचनांचे मुक्काम मांडले. २४ ऑक्टोबर १८३८ रोजी त्यांचा रीतसर संघ झाला आणि त्याला नाव दिले फ्रान्सिस डी सेल्स यांचेच. हे झाले फ्रान्सेलियन. डॉन बॉस्कोंचे सालेशियन वेगळे. संत एक, घराणी दोन. १८४५ साली रोमने या संघाच्या गळ्यात विशाखापट्टणमचे मिशन घातले. त्याचा मुलूख केवढा, तर समुद्रापासून थेट नागपूरच्याही पलीकडे! इकडे कामठीच्या छावणीत आयरिश कॅथलिक सोल्जर होते. त्यांच्या पाठोपाठ फादरही आले. १८८७ साली नागपूरचा धर्मप्रांत वेगळा झाला.

आता हे संन्यासी म्हणावेत काय? सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या मठवाशांना एकाच मठात आयुष्य काढण्याची शपथ असे. हे तसे नव्हेत. आमच्या विदर्भाला रिद्धपूरचे महानुभाव ठाऊक. नित्य अटन आणि भिक्षा हा श्रीचक्रधरांचा दंडक. फ्रान्सेलियन या दोहोंच्या मधले. भिक्षा मागत नाहीत, पण दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन शपथा पक्क्या. दारिद्र्य म्हणजे भुकेकंगाली नव्हे. वर्गावर गणित शिकविणाऱ्या फादरचा पगार संघाच्या एकाच थैलीत जातो. चपलेसाठी पैसे हवेत तर मागून घ्यावे लागतात. मला विचाराल तर यातली अवघड शपथ हीच. ब्रह्मचारी आपल्याकडे पुष्कळ झाले. पहिल्या तारखेचा पगार परक्या हाती देणारा मात्र मी अजून पाहावयाचा आहे.

ते धर्मप्रसारासाठी आले, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्यांनीही कधी झाकले नाही. त्यावरून वादळही उठले. नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असताना, १९५४ साली, सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची चौकशी समिती नेमली. धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू त्या परदेशी मिशनऱ्यांना परत धाडावे, अशी तिची १९५६ सालची शिफारस. आणि त्याच १९५६ साली याच संतांच्या नावाचे कॉलेज नागपुरात निघाले! आमच्या मध्यमवर्गाने अहवाल वाचून मान डोलावली आणि प्रवेशाचे अर्जही भरले. त्यांनी धर्म द्यावयाचा आणला होता. आम्ही इंग्रजी तेवढे घेतले. खेड्यात प्रवचने करण्यासाठी जन्मलेला संघ शहरात हजेरीपट सांभाळीत बसला, हे मेर्मिए यांना कितपत मानवले असते, कोण जाणे.

१९५३ साली नागपूरला आर्चबिशपची गादी झाली, तेव्हा पहिले आर्चबिशप युजीन डिसोझा हे भारतीय आणि याच संघाचे. आज तर संघात बहुसंख्य भारतीयच आहेत. त्यांतले काही आफ्रिकेत, काही युरोपात काम करतात. बदलीचा कागद आला की ट्रंक भरायची. पत्नीची नोकरी, मुलांची शाळा, आईचे दुखणे, यातली एकही सबब तिथे चालत नाही.