मांडव मोठा, खेळ छोटा

व्हिडिओ गेम हा आता निव्वळ पोरखेळ राहिलेला नाही. एकेका खेळामागे कोट्यवधी डॉलर ओतले जातात, शेकडो कलावंत व तंत्रज्ञ वर्षानुवर्षे राबतात आणि घरोघरची मुले आपला फावला वेळ त्यावर उधळतात. तेव्हा या खेळांच्या दर्जाचा विचार नाटक-सिनेमाइतक्याच गांभीर्याने व्हावयास हवा. या दृष्टीने २०२४ सालाने दिलेला धडा आम्हांस विसरण्याजोगा वाटत नाही.

त्या फेब्रुवारीत युबिसॉफ्टचा ‘स्कल अँड बोन्स’ हा हिंदी महासागरातील चाचेगिरीचा खेळ आला. त्याची घोषणा २०१७ सालीच झाली होती. महागड्या खेळांना ‘ट्रिपल-ए’ म्हणतात. ही बिरुदावली अपुरी वाटून कंपनीच्या प्रमुखांनी त्यास आणखी एक ‘ए’ बहाल केला. खेळणाऱ्यांनी मात्र त्याचे थंडेच स्वागत केले. पुढे २३ ऑगस्टला सोनीने ‘कॉनकॉर्ड’ हा नेमबाजीचा खेळ आणला. याच धर्तीचे लोकप्रिय खेळ फुकट मिळत असता हा विकत कोण घेणार? ६ सप्टेंबरला, म्हणजे अवघ्या पंधरवड्यात, तो बंद करून ग्राहकांचे पैसे परत करण्याची पाळी आली. योगायोग असा की, त्याच दिवशी सोनीचाच ‘ॲस्ट्रो बॉट’ प्रसिद्ध झाला. टोकियोतील सुमारे साठ जणांनी रचलेला हा खेळ डिसेंबरात ‘द गेम ॲवॉर्ड्स’मध्ये वर्षातील सर्वोत्तम ठरला. मालक एक, दिवस एक. फरक होता तो दृष्टीचा.

पैसा वाईट असे आमचे म्हणणे नाही. त्याच ऑगस्टमध्ये आलेल्या ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ या चिनी खेळावरही मोठा खर्च झाला होता, पण आपल्या मातीतील वानरवीराची कथा सांगण्याची ओढ त्यामागे होती, आणि जगाने तो डोक्यावर घेतला. रक्कम फुगली की धास्ती वाढते, धास्तीपोटी दुसऱ्याच्या यशाची नक्कल होते आणि नकलेत जीव नसतो. आमच्या जत्रांतील दशावतार एका बाकड्यावर सारी रात्र जागवतो, हे कोकण-गोमंतकात कोणास सांगावयास नको.

खेद याचा की, चुकीची किंमत चूक करणारे मोजीत नाहीत. ‘कॉनकॉर्ड’ घडविणारी संस्थाच त्या ऑक्टोबरात बंद करण्यात आली. नक्कल करा असा हुकूम वरून सुटतो आणि घरी बसतो तो चित्रे काढणारा, संगीत रचणारा हात. हे थोपविण्याचे एक साधन ग्राहकाच्या हाती आहे. जाहिरातीच्या झगमगाटाला भुलून आगाऊ पैसे मोजू नयेत. खेळ येऊ द्यावा, पारखावा आणि मगच घ्यावा. मुलांच्या हट्टापुढे नमणाऱ्या पालकांनी एवढा धीर धरला, तरी मांडवाऐवजी खेळाकडे पाहण्याची सद्बुद्धी मालकांना सुचेल अशी आम्हांस आशा वाटते.